वांगं नसलेली डिक्शनरी

नवी डिक्शनरी हातात आली की माणूस आधी कोणता शब्द शोधतो, हे मला विचारा. तो स्वतःला शोधतो. शिंपी सुई शोधतो, नर्स इंजेक्शन शोधते, पोस्टातला माणूस पोस्ट शोधतो. शाळकरी पोरं शिव्या शोधतात आणि सापडल्या की पान दुमडून ठेवतात. मी उभी नोकरी इंग्रजी-मराठी डिक्शनऱ्या तयार करण्यात घालवली, त्यामुळे हे मी अनुभवाने सांगते. आमच्या पहिल्या मोठ्या डिक्शनरीचा जीव याच सवयीमुळे वाचला.

आमचं ऑफिस वाशीला होतं, एपीएमसी मार्केटसमोरच्या एका इमारतीत, पहिल्या मजल्यावर. नव्वदीच्या दशकाची शेवटची वर्षं. खाली भाजीच्या अडत्यांची ऑफिसं, समोर दिवसभर ट्रकची ये-जा, आणि वाऱ्याची दिशा बदलली की कांद्याचा वास थेट टेबलावर. मी कोपरखैरण्याहून यायचे. शेजारणींना वाटायचं की मी मार्केटात हिशेब लिहायला जाते. डिक्शनरी कोणीतरी बसून लिहितं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. "ती तर असतेच ना आधीपासून?" असं एकीने मला विचारलं होतं.

आधीपासून नसते. एकेका शब्दाचं एकेक कार्ड असतं. त्यावर वरती इंग्रजी शब्द, खाली मराठी अर्थ, त्याखाली वापरून दाखवणारं एक वाक्य. ही कार्डं आम्ही आंब्याच्या रिकाम्या पेट्यांमध्ये ठेवायचो, कारण त्या मार्केटात सहज मिळायच्या आणि मापाने अगदी बरोबर बसायच्या. आमच्या कार्डांना बारा महिने हापूसचा वास यायचा. प्रत्येकाला अक्षरांचा एक पट्टा नेमून दिलेला असायचा. अमक्याने या अक्षरांपासून या अक्षरांपर्यंत.

सुरुवातीची अक्षरं सारखी म्हणून शब्द शेजारी येतात, एवढंच त्यांचं नातं. लॉटरीत घर लागलं की जसे शेजारी मिळतात, तसे. बी, आर, ई किंवा बी, आर, आय या अक्षरांनी सुरू होणारे शब्दच घ्या. ब्रेड म्हणजे पाव, ब्राइब म्हणजे लाच, ब्रिक म्हणजे वीट, ब्राइड म्हणजे नवरी. हे सगळे ओळखीचे. त्यांच्याच भिंतीला भिंत लावून ब्रेचिया राहतो, म्हणजे टोकदार दगडगोटे एकमेकांना चिकटून झालेला खडक. पुढे ब्रीहन, म्हणजे जुन्या काळचा आयरिश न्यायाधीश. त्याची गाठ वाशीत कोणाशी पडणार? पण यादीत त्याचं घर नवरीच्या जवळच.

महिनोन्महिने एकाच पट्ट्यात राहिलं की माणसावर त्याचा परिणाम होतो. मला एकदा एम, ए, एल ही अक्षरं आली. मलेरिया, मॅलिस, मॅलन्यूट्रिशन, मॅलिग्नंट. नुसती दुखणी आणि दुष्टावा. घरचे म्हणायला लागले, तुझं काहीतरी बिनसलंय. मग एका दुपारी मॅलर्ड आला. मॅलर्ड म्हणजे हिरव्या डोक्याचं रानबदक. एवढ्या आजारपणात ते बदक बघून मला इतका आनंद झाला की मी सगळ्या ऑफिसला चहा पाजला.

लोकांना वाटतं, अवघड शब्द म्हणजे अवघड काम. उलटं आहे. अवघड शब्दाला एकच अर्थ असतो, एका ओळीत काम संपतं. घाम फोडतात ते सोपे शब्द. गेट, टेक, ब्रेक, रन. हे आले की आम्ही आधी खिडकीपाशी जाऊन उभे राहायचो.

आमची एक छोटी खिशातली डिक्शनरी आधी निघालेली होती, त्यामुळे दारात चित्रविचित्र गिऱ्हाइकं यायची. एक बाई ब्युटी पार्लरला नाव मागायला आल्या. अट अशी, की शब्द इंग्रजी हवा, छान वाटायला हवा आणि अर्थ कोणाला कळता कामा नये. कोपरखैरण्याच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी मेंटेनन्सची नोटीस घेऊन आले. "ताई, जरा कडक शब्द टाका ना. साधं लिहिलं की कोणी टेन्शनच घेत नाय." मी त्यांना चारपाच जड शब्द दिले. पुढच्या महिन्यात ते पेढे घेऊन आले. नोटीस कोणालाही समजली नव्हती आणि पैसे सगळ्यांनी भरले होते.

आता मुख्य गोष्ट सांगते.

मोठ्या डिक्शनरीवर आम्ही काही वर्षं काम करत होतो. मालक कर्णिकसाहेबांनी सगळं बळ त्यात लावलं होतं. पहिला पट्टा नेनेसरांचा. कॉलेजातून निवृत्त झालेले, खाडीकाठी रोज फिरायला जाणारे, आणि प्रत्येक इंग्रजी शब्दाला शुद्ध मराठी शब्द असलाच पाहिजे या मताचे. नसला तर ते घडवायचे. दुर्मिळ शब्दांवर त्यांचा फार जीव. दुसरा पट्टा सामंतबाईंचा. त्या शाळेत इंग्रजी शिकवून आलेल्या, तोंडाने फटकळ, आणि लोक जो शब्द बोलतात तोच छापायचा या मताच्या. माझं काम कार्डं लावायचं आणि प्रुफं वाचायचं.

आमच्याकडे एक पद्धत होती. जिथे एकाचा पट्टा संपतो आणि दुसऱ्याचा सुरू होतो, तिथले मूठभर शब्द बाजूला काढून ठेवायचे. ते कोणी एकट्याने करायचे नाहीत. दोघांनी एका दुपारी समोरासमोर बसून, चहा घेत, वाद घालत संपवायचे. त्याला आम्ही सांधा म्हणायचो. एकाची भाषा संपून दुसऱ्याची सुरू झाली हे वाचणाऱ्याला जाणवू नये, म्हणून हा खटाटोप. सांध्यातल्या शब्दांची पेटी वेगळी असायची. नेनेसर आणि सामंतबाईंचा सांधा होता तो हाच, बी-आर-ई आणि बी-आर-आय.

आणि नेमकं त्याच्या आधी ब्लाऊज प्रकरण झालं. नेनेसरांनी ब्लाऊजचा अर्थ लिहिला होता 'कंचुकी'. सामंतबाईंनी ते कार्ड हातात घेऊन भर ऑफिसात विचारलं, "सर, तुमच्या घरी दोरीवर कंचुक्या वाळत घालतात का हो?"

सगळे हसले. मीही हसले. चहावाला हसला, आणि त्याला तर काय चाललंय हे माहीतही नव्हतं. नेनेसर हसले नाहीत. त्यांनी कार्ड परत घेतलं, नीट पेटीत ठेवलं आणि त्या दिवसापासून बाईंशी बोलणं बंद केलं. बाईंनाही मग ताठा आला. एकाच खोलीत दोघं पाठीला पाठ लावून बसायचे.

पुढे काम उरकलं, प्रुफं झाली, रबाळ्याच्या छापखान्यात सगळे फॉर्मे, म्हणजे अनेक पानं एकत्र असलेले मोठे ताव, छापून झाले. बाइंडिंगच्या आधी नमुना म्हणून एक प्रत बांधून आली. कर्णिकसाहेबांनी तिला हार घातला, नारळ फोडला, इमारतीत पेढे वाटले. खालचे पोपटशेठ वर आले. मूळचे साताऱ्याकडचे, मार्केटात वांग्यांचे अडते. वांग्याला नुसतं बघून ते गाव सांगायचे. त्यांनी हात पुसून डिक्शनरी घेतली, चष्मा लावला आणि बराच वेळ पानं मागेपुढे केली.

"ताई," ते मला म्हणाले, "यात वांगं न्हाई."

"असेल हो, ब्रिंजल. मी काढून देते."

मी पान काढलं. अठ्ठ्याऐंशीव्या पानावर शेवटचा शब्द होता ब्रेझियर, म्हणजे शेगडी. समोरच्या एकोणनव्वदाव्या पानावर पहिला शब्द ब्रोच, विषय काढणे. मी पान बोटांत चोळून बघितलं. दोन पानं चिकटली असतील असं वाटलं. चिकटली नव्हती.

"मेथी हाय, मी बघितली," पोपटशेठ म्हणाले. "भोपळा हाय. वांग्यानं काय घोडं मारलंय?"

मी ती दोन पानं पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली. वांगंच नव्हे, पाव नव्हता, श्वास नव्हता, वीट, पूल, नवरी, लाच, काहीच नव्हतं. मी कपाटावरून आंब्याची ती पेटी खाली काढली. आत सांध्याची कार्डं जशीच्या तशी होती. वरती इंग्रजी शब्द, खाली कोरं.

नेनेसर म्हणाले, "बाईंनी बोलवायला हवं होतं." सामंतबाई म्हणाल्या, "सरांनी बोलवायला हवं होतं." मग प्रत्येकाला वाटत राहिलं की दुसऱ्याने रागारागाने एकट्यानेच संपवलं असणार. प्रूफ वाचणारा छापलेलं वाचतो. जे छापलंच नाही ते तो कुठून वाचणार?

कर्णिकसाहेब खुर्चीत बसले ते बसलेच. शाळा उघडायला थोडेच दिवस होते. जूनच्या आत पुस्तक दुकानांत गेलं नाही, तर दुकानदार दुसऱ्याची डिक्शनरी घेणार होते आणि मग वर्षभर आमच्याकडे कोणी बघणार नव्हतं. "हे पुस्तक बसलं तर हे ऑफिस दिवाळी बघणार नाही," ते शांतपणे म्हणाले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. तेव्हा आमच्या घरात माझ्याच पगारावर चूल पेटत होती, म्हणून ते वाक्य मला आजही जसंच्या तसं आठवतं.

छापखान्यातून एक उपाय निघाला. नशिबाने शेगडी पानाच्या अगदी तळाशी संपत होती आणि पुढचा पट्टा नव्या पानावर सुरू होत होता. मध्ये चार पानांची एक घडी चिकटवता येणार होती. अठ्ठ्याऐंशी अ, आ, इ, ई. चारच पानं, त्याहून जाड घडी डिंक धरणार नाही, असं बाइंडर म्हणाला. आणि बाइंडिंग आठवड्याभरात सुरू होणार होतं. तेवढ्यात सगळे शब्द लिहायचे आणि त्या चार पानांत बसवायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं एका टेबलाशी बसले. मध्ये मी.

"मंगल, बाईंना सांग, ब्रेडला पाव लिहिलंय."

"मंगल, सरांना म्हणावं, मेहेरबानी. मला वाटलं, भर्जित पिष्टक वगैरे काही येतंय."

मी डोळे मिटून घेतले. हे असंच चाललं तर जून काय, गणपती उजाडतील असं मला वाटलं. दोघं एका हाताच्या अंतरावर बसून माझ्यामार्फत बोलत होते आणि माझी मान डावीउजवीकडे वळून दुखायला लागली होती. तेवढ्यात ब्रेकचं कार्ड आलं.

ब्रेक हा त्या पट्ट्यातला सगळ्यांत साधा शब्द आणि सगळ्यांत मोठा राक्षस. इंग्रजीत एका क्रियापदात भागतं, मराठीत भागत नाही.

"हाड मोडतं," नेनेसर माझ्याकडे बघून म्हणाले.

"काच फुटते," सामंतबाई माझ्याकडेच बघून म्हणाल्या.

"दोरा तुटतो."

"घर फोडतात."

"कायदा मोडतात, उपास मोडतात."

"उपास मोडला म्हणजे मधेच खाल्लं, सर. वेळ झाल्यावर उपास सोडतात."

"बरोबर," नेनेसर म्हणाले आणि लिहायला लागले. "सवय?"

"सवय मोडतात. आणि आपोआप गेली तर सुटते."

"आणि मौन?"

सामंतबाईंनी पेन खाली ठेवलं. "मौन सोडतात," त्या म्हणाल्या. "अबोलाही सोडतात, सर. धरला असेल तर."

नेनेसरांनी चष्मा काढून पुसला. मग पहिल्यांदा सरळ त्यांच्याकडे बघून म्हणाले, "वाक्य द्या एखादं. माझी वाक्यं फार पुस्तकी होतात." मी हळूच खुर्ची मागे घेतली आणि चहा सांगायला गेले. परत आले तेव्हा दोघं एकाच कार्डावर वाकून भांडत होते, आणि मला कोणीच काही सांगत नव्हतं. इतकं बरं मला त्या ऑफिसात क्वचितच वाटलं असेल.

लिहून झालं. टाइप होऊन आलं तेव्हा चार पानांच्या खूप बाहेर जात होतं. मग कापाकापी. ब्रेड, ब्राइड, ब्रिजला हात लावता येत नव्हता, ते तर शाळेतल्या पोरांना लागणारच. नेनेसरांनी कोणी सांगायच्या आधीच पेन्सिल घेतली आणि स्वतःच्या लाडक्या शब्दांवर काट मारायला सुरुवात केली. ब्रेचिया गेला. ब्रीहन गेला. ब्रिकोल गेला, तो म्हणजे चेंडू भिंतीवर आपटवून मारायचा टोला. ब्रिझलिंग नावाचा छोटा मासा गेला. प्रत्येक काटेनंतर ते पेन्सिल जरा उचलून धरत होते. मला ते बघवत नव्हतं.

ब्रीम या शब्दाशी ती पेन्सिल थांबली. ब्रीम म्हणजे एक मासा, हे कोणत्याही डिक्शनरीत मिळेल. पण क्रियापद म्हणून त्याचा जुना अर्थ आहे, जहाज किनाऱ्यावर ओढून त्याचा तळ आगीवर शेकून साफ करणे. नेनेसरांनी फिरायला जाताना खाडीकाठच्या कोळीवाड्यात हे प्रत्यक्ष होताना पाहिलं होतं. शुद्ध मराठी शब्द हवा म्हणून त्यांनी तिथल्या एका म्हाताऱ्या नाखव्याला विचारलं होतं, याला तुम्ही काय म्हणता? तो म्हणाला होता, "आमी होरी शेकतो म्हनतो. दुसरा काय म्हननार?" होरी म्हणजे होडी. नेनेसरांनी आयुष्यात पहिल्यांदा एखादा अर्थ घडवला नव्हता, जसा ऐकला तसा या आठवड्यात कार्डावर उतरवला होता: होडी शेकणे. हे त्यांनी आम्हाला आधी कधी सांगितलं नव्हतं. तेव्हा सांगितलं, आणि म्हणाले, "असो. दीड ओळ वाचेल." पेन्सिल खाली आली.

"थांबा," सामंतबाई म्हणाल्या.

त्यांनी कागद स्वतःकडे ओढला. यादी खालपर्यंत वाचली आणि एका शब्दावर आडवी काट मारली. मी वाकून बघितलं. ब्रेकडान्स! त्या शब्दासाठी त्या काल तासभर भांडल्या होत्या. गणपतीच्या मंडपातही पोरं तोच नाच करतात, पोरं तोच शब्द शोधणार, असं त्यांचं म्हणणं. नेनेसरांनी त्याला 'भंगनृत्य' असा अर्थ सुचवला होता आणि त्यावरून पुन्हा अबोला होतोय की काय, अशी मला धास्ती पडली होती.

"बाई, तो तुमचा शब्द आहे," नेनेसर म्हणाले.

"नाचणाऱ्यांना डिक्शनरी लागत नाही," सामंतबाई म्हणाल्या. "तुमच्या नाखव्याला एरवी कोण विचारतंय? राहू दे त्याची होडी."

घडी वेळेत गेली. ती चिकटवलेली डिक्शनरी जूनच्या आधी दुकानांत पोचली आणि चांगली खपली. ऑफिसने ती दिवाळी पाहिली, पुढच्याही पाहिल्या. पोपटशेठना पहिली प्रत दिली. त्यांनी अठ्ठ्याऐंशी ई काढून वांगं बघितलं, त्यावर बोट ठेवून सगळ्या हमालांना दाखवलं आणि म्हणाले, "आता बुक पुरं झालं." नेनेसर एक प्रत कोळीवाड्यात घेऊन गेले. नाखव्याला वाचता येत नव्हतं. सरांनी वाचून दाखवल्यावर तो म्हणाला म्हणे, "म्हंजे आमची होरी पन पुस्तकान हाय!"

त्या आवृत्तीची एक खोड होती. मधल्या चिकटवलेल्या घडीमुळे टेबलावर ठेवली की ती आपोआप तिथेच उघडायची. आजही कोणाच्या घरी ती जुनी प्रत दिसली की मी सहज उघडते, आणि पाव, श्वास, नवरी, पूल, वांगं सगळे एकदम भेटतात. आता डिक्शनऱ्या फोनमध्ये आहेत. शब्द विचारला की तेवढाच शब्द समोर येतो, शेजारी कोण राहतं ते कळत नाही. मला याचं वाईट वाटतं. पण माझी नातही फोनवरच शब्द बघते आणि तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे, तेव्हा फार तक्रार करत नाही.

काही वर्षांनी दुसरी आवृत्ती निघाली, नव्याने जुळवलेली. संपादक म्हणून काम माझ्याकडे आलं होतं. जागा भरपूर होती. मी ब्रेचिया परत घेतला, ब्रीहन घेतला, तो छोटा मासाही घेतला. सांध्याची पद्धत मी मोडली नव्हती. सामंतबाई निवृत्तीला आल्या होत्या, नेनेसरांनी काम कधीच थांबवलं होतं, तरी दोघांना बोलावलं. सर काठी टेकत जिना चढून आले. दृष्टी मंदावली होती. खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी विचारलं, "मंगल, ब्रेकडान्स घेतलास का?"

"कार्ड केलंय सर. अर्थ राहिलाय."

"घे लिहून. मी सांगतो."

मी सामंतबाईंकडे बघितलं. त्या हसू दाबत म्हणाल्या, "लिही गं, भंगनृत्य. सरांनी घडवलेला शब्द आहे. माझी काही हरकत नाही."

"अजिबात नाही," नेनेसर म्हणाले. "ब्रेकडान्स म्हणजे ब्रेकडान्स, असंच लिही." मग बाईंच्या आवाजाच्या दिशेने मान वळवून त्यांनी विचारलं, "का हो बाई, तुमच्या घरी गणपतीत भंगनृत्य करतात का?"

सगळं ऑफिस हसलं. या वेळी सगळ्यांत जास्त नेनेसर हसले.